गुलाबांखालची मुंडकी

रायस्वाइक, नेदरलँड्स

ती. आईस,
संहिताचा नमस्कार. लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथल्या संग्रहालयात मी जुनी जलरंगचित्रं साफ करते. दोनशे वर्षांपूर्वी एका डच राजदूताने इस्तंबूलच्या राजवाड्याच्या दरवाजाचं चित्र काढून घेतलं होतं. चित्र दिव्यावर धरलं, तर दाराशी रंगवलेल्या गुलाबांखाली पेन्सिलने काढलेली, भाल्यांवर टोचलेली मुंडकी दिसली. साहेबाच्या दिवाणखान्यात शोभणार नाहीत, म्हणून चित्रकाराने झाकली असतील.

आई, मीही तुला दोन वर्षं गुलाबच पाठवले. परवा तुझ्या लाडक्या जावयाने माझं डोकं दारावर आपटलं. सात टाके पडले. ही पहिली वेळ नाही.

पोलिसांत गेले. आता मैत्रिणीकडे आहे. तो फोन करेल, गोड बोलेल, रडेलही. पाकिटावरचा पत्ता त्याला देऊ नकोस.

तुझी,
संहिता