सूर्य मावळल्यावर लावलेलं गाणं

इल्फर्ड (लंडन), डिसेंबर

प्रिय वरदाताई,

तुला आणि आईला नमस्कार. मी वेळेवर जेवतो, स्वेटर घालतो. आईचा गुडघा कसा आहे?

कॉलेज सोडल्यापासून मी शशिधरकाकांच्या छोट्या एएम रेडिओ स्टेशनवर मराठी गाणी लावतो. रात्री या लहरी लांबवर जाऊन दुसऱ्या स्टेशनांत घुसतात, म्हणून आम्हाला परवानगी फक्त सूर्य मावळेपर्यंत. उन्हाळ्यात ठीक होतं. चैत्राली, ती नर्स गं, ड्यूटी संपवून गाडीत माझा कार्यक्रम ऐकायची. आता चारच्या आत अंधार पडतो, आणि ती सुटते त्यानंतर.

काल माझं डोकंच फिरलं. सूर्य मावळला तरी ट्रान्समीटर चालू ठेवला आणि तिच्यासाठी गाणं लावलं. लगेच तिचा फोन! मला वाटलं, खूश झाली.

"अर्णव, वेडा आहेस का? काकांचं लायसन्स जाईल. बंद कर आधी!"

काका आले आणि हात पुढे करून त्यांनी स्टुडिओची किल्ली मागून घेतली. ओरडले असते तर मी भांडलो तरी असतो.

काकांची माफी मागायला जाईन म्हणतो, पण पाऊल उचलत नाही. आईने विचारलं तर एवढंच सांग, हिवाळ्यात इथलं काम लवकर संपतं.

तुझा,
अर्णव