पाचवा पलंग

आई,
लांबूनच तुझ्या पाया पडतो.

आम्ही सुखरूप पोचलो. कालचा अख्खा दिवस मुलं पाळण्यांच्या पार्कात होती. थोरल्याला उलटी झाली, पण आता टुणटुणीत आहे. हॉटेलचा थाट काय विचारतेस! ट्रकनं आणून ओतलेली वाळू, आणि भोंगा वाजला की लाटा सोडणारं तळं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढे पैसे घेतात आणि समुद्र खोटा?"

गुडघा कसा आहे? शेजारच्या काकू डोकावतात ना?

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितो. खोली चौघांचीच आहे असं मी तुला म्हणालो होतो. ती पाच जणांची आहे, आणि मला ते आधीपासून माहीत होतं. तू चारचौघांत मोठ्यानं बोलतेस, जेवताना सांडतेस, म्हणून मला संकोच वाटला. तुझ्या सुनेला बोल लावू नकोस. ती तुला घेऊनच चला म्हणत होती.

पाचवा पलंग खिडकीपाशी आहे. धाकटी त्यावर कुणाला ओला टॉवेलही टाकू देत नाही. म्हणते, "आजी आली की झोपेल कुठे?"

निघताना दाराआड तुझ्या नव्या रबरी चपला दिसल्या होत्या. वाळूत चालायला आणल्या होत्यास ना? मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आम्ही परतलो की तू नेहमीप्रमाणे काही न विचारता चहा ठेवशील. या वेळी नको. आधी मला चांगला फैलावर घे.

मान खाली घालून,
तुझा मुलगा