गाठीचा दोष

७ जानेवारी, मंगळवार
मुतखड्यासाठी नाशिकला सीटी स्कॅन केला. खडा बारीक आहे. पण किडनीवरच्या ग्रंथीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "सहज दिसली, बहुतेक निरुपद्रवी असेल." डॉक्टर तरुण आहे. त्याला गांभीर्य नाही.

८ जानेवारी
मोबाईलवर वाचले. ताण, राग, भीती सगळे याच ग्रंथीतून. म्हणजे उलगडा झाला. गेल्या वर्षी बायको हर्षदा वारली तेव्हा मला रडू आले नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो. दहाव्यानंतर हर्षालीने बापाच्या घरात पाय ठेवला नाही. दोष गाठीचा. हे समजावले की मुलगी वर्षश्राद्धाला जव्हारला घरी येईल.

९ जानेवारी
हर्षालीला फोन केला. म्हणाली, "बाबा, आधी रिपोर्ट येऊ द्या." चांगले लक्षण.
हर्षाली जिच्याकडे राहते ती मेव्हणी सुनिता फोनवर मागून ओरडली, "दाजी, टीव्ही बघून हसता तेव्हा गाठ कुठं जाते?" फोन ठेवला. ताण टाळायचा आहे.

१२ जानेवारी, रविवार
गाठीच्या हार्मोन तपासणीसाठी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवायची आहे. कॅन फ्रिजमध्ये ठेवला. हर्षदा असती तर ठेवू दिला नसता.

१३ जानेवारी
कॅन मांडीवर घेऊन नाशिकच्या जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर काळ्या म्हणाला, "साहेब, ताडी का? येकटेच पिणार?" मी म्हणालो, औषधाचे आहे. तो म्हणाला, "आमचीपण औषधाचीच असते!" सगळी जीप हसली. शांत राहायचे ठरवले होते, तरी ओरडलो. गाठीचा आणखी एक पुरावा.
वाटेत मोखाड्याला हर्षाली शिकवते ती शाळा लागली. हातात कॅन होता म्हणून उतरलो नाही. परतताना कॅन नव्हता, पण अंधार पडला होता.

२० जानेवारी
रिपोर्ट आला. सगळे हार्मोन नॉर्मल. रडू न येण्याचे विचारले. डॉक्टर म्हणाले, "गाठीचा संबंध नाही. ती काहीच करत नाही, नुसती बसून आहे. वर्षाने पुन्हा स्कॅन करू." दुसऱ्या डॉक्टरला दाखवणार आहे.
सुनिताला कळवले. म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखीच, दाजी. ताई तापाने कण्हत होती तेव्हा तुम्हीपण असेच बसला होतात."
हर्षालीने मेसेज केला. वर्षश्राद्ध मोखाड्याला मावशीकडे. यायचे तर या.

२ फेब्रुवारी, रविवार
वर्षश्राद्ध. इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. जीपचे धक्के गाठीला चालतील का, हे विचारायचे राहून गेले. पुढच्या वर्षी स्कॅनला जाताना मोखाडा लागेलच.
काळ्याने दारात हॉर्न दिला. "साहेब, येताय ना?"
आज हातात कॅन नव्हता. तरी उठलो नाही.