नाव शेवटी घ्यायचं

३ मार्च, सकाळी
वीस तारखेला हिचा निरोपसमारंभ. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीची मुख्य म्हणून ही रिटायर होतेय. नव्या मोठ्या डॉक्टरांना मराठी येत नाही, म्हणून मी इंग्रजीत बोलायचं कबूल केलं. घड्याळं दुरुस्त करता करता इंग्रजी आपलं आपण शिकलोय, अडतंय कुठे? हिची एकच अट : सगळ्यांसमोर एकदा माझं नाव घ्या. लग्न झाल्यापासून नुसतं ‘अगं’ ऐकतेय.
किरकोळ काम.

५ मार्च
ग्रामरच्या पुस्तकात घबाड सापडलं. इंग्रजीत सर्वनाम आधी टाकून नाम मागून आणता येतं! आधी नुसतं ‘शी’, ‘शी’, ‘शी’. लोक ताटकळणार, कोण बुवा ही? मग नाव. भाषण असंच करायचं. आजपासून रोज सराव, मराठीतसुद्धा.

८ मार्च
प्लंबरला फोन. म्हटलं, तो रात्रभर थांबत नाही हो, सारखा गळतो, आम्हाला झोप नाही. आता ‘नळ’ म्हणणार, तोवर तो म्हणाला, काका, डॉक्टरला दाखवा. फोन ठेवला. कारागिरांना भाषेची गोडी कमीच.
नळ गळतोय.

१२ मार्च
मुलीला फोन. म्हटलं, ती गेली गं, शेवटपर्यंत तापलेली होती. मुलगी किंचाळली, आई? मग सावकाश म्हटलं, इस्त्री. परिणाम उत्तम.
रडून झाल्यावर म्हणाली, बाबा, हात जोडते, आईचं नाव पहिल्याच वाक्यात घ्या. पोरीला सस्पेन्स कळत नाही. आईवर गेलीय.

२० मार्च, रात्री
भाषण रंगलं. चादरी, गणवेश, हिची शिस्त, सगळं ‘शी’वर पेललं. मोठे डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. (मेट्रन म्हणते, उठायच्या बेतात होते.) शेवटच्या वाक्याआधी दीर्घ श्वास घेतला. पॉज हवाच. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या. मेट्रननं माइक काढून घेतला आणि चहा झालाय म्हणून जाहीर केलं.
नाव तोंडातच राहिलं.
परतताना रिक्षात ही मांडीवर फुलं घेऊन बसलेली. मी विचारलं, पॉज बरा होता ना? म्हणाली, छान. अजून चालूच आहे.

२१ मार्च, सकाळी
चूक दुरुस्त करायचं ठरवलं. ही स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत ताठ उभा राहिलो, घसा साफ केला आणि हिला नावानं हाक मारली. स्पष्ट, खणखणीत.
आतून ही म्हणाली, कोण आलंय हो? बसायला सांगा, आलेच मी.
बसलो.