ताईची प्रगती सावकाश आहे

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मलम संपलं असेल तर कळव, आणि संपलं नसेल तर तू ते लावत नाहीस असा त्याचा अर्थ होतो. मी बरी आहे, म्हणजे जेवते आणि झोपते. पण शुक्रवारपासून एका भानगडीत अडकले आहे. तुलाच सांगायला हवं, कारण दहाव्या वर्षापर्यंत मला शाळेत न घालता जेवणाच्या टेबलाशी बसवून जो खरेपणा तू शिकवलास, त्याच्यापायीच हे झालं. (तक्रार नाही.)

आम्ही विद्यापीठातले बारा जण शाळा सुटल्यावर सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मुलांना संगणक शिकवतो, हे तुला ठाऊक आहे. संगणक सोड, ज्यांच्या घरी अभ्यासाला टेबलही नाही अशी ही मुलं. एकाला एक. माझ्या वाट्याला आलेली मुलगी नऊ वर्षांची, लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची. सगळे तिला मुंगी म्हणतात. नियम असा, की सत्राच्या शेवटी एक पान टाइप करता आलं तर मूल राहणार, नाहीतर त्याची खुर्ची यादीतल्या पुढच्याला. तीन महिने मी मुंगीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले. (टोकावर. टेकून कधीच नाही.) दोन ओळींपलीकडे तिचं बोट गेलं नाही. मग अहवालात खरं तेच लिहिलं: 'दोन ओळींच्या पुढे जमत नाही.' सात वेळा वाचलं. (ओठ हलवत.) तरी हे वाक्य अन्यायाचं तर नाही ना, असं मनाला लागून राहिलं, म्हणून अहवाल मुंगीसमोर तसाच उघडा ठेवून पलीकडच्या खोलीत मुख्य मॅडमना विचारायला गेले. त्या फोनवर होत्या. अर्धा तास दाराशी उभी राहून परत आले, आणि सातदा वाचलेलं आठव्यांदा काय वाचायचं म्हणून पाठवून दिलं.

तासाभरात मॅडमनी बोलावलं. पडद्यावर माझं वाक्य, आणि त्याखाली भरगच्च पानभर मजकूर. 'ताई चांगली आहे पण भित्री आहे. माझं बोट खाली यायच्या आत अगं थांब म्हणते. मग चुकलं तरी चालेल हं म्हणते. मग चुकतं. ती पाणी प्यायला गेली की मी टाइप करते, आली की पुसते.' असं बरंच, आणि शेवटी, 'ताईची प्रगती सावकाश आहे. पुढच्या सत्रात ठेवावी ही विनंती.'

आत्या, मी मटकन खाली बसले. (फरशीवर.)

"वर म्हणतेस दोन ओळी, खाली अख्खं पान," मॅडम म्हणाल्या. "यातलं खोटं कुठलं?"

"दोन्ही खरं आहे."

"म्हणजे तूच टाइप केलंस. पोरीची जागा राहावी म्हणून."

जन्मात पहिल्यांदा कुणी मला खोटारडी म्हटलं, तेही खरं लिहिल्यावर. आता बुधवारी चार वाजता मॅडम स्वतः शेजारी बसून मुंगीकडून पान टाइप करून घेणार. त्या बसल्या की त्यांचा चष्मा पडद्याला टेकतो. मुंगी म्हणाली, "मग गेली माझी खुर्ची," आणि माऊसची वायर नीट गुंडाळून ठेवली. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (उतरतो. थोडा.)

आणि 'अगं थांब' मी कुठून उचललं, ते आठवून आणखीच हबकले. माझी पेन्सिल कागदाला टेकायच्या आत तू हेच म्हणायचीस. रागावू नकोस. (रागावलात तरी चालेल हं.)

तुझी भाची

ता. क. हे पत्र मी टाइप केलेलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून सांगते आहे आणि पाठीमागे मुंगी टाइप करते आहे. पान केव्हाच भरलं म्हणते. मी वळून बघणार नाही, आहे तसंच पाठवणार.

आणखी ता. क. बुधवारी चारला येशील का? मॅडमचाही गुडघा दुखतो. तू फक्त तुझ्या गुडघ्याचं सांगायला लाग. आजवर त्यातून अर्ध्या तासाच्या आत कुणी सुटलेलं नाही, आणि ऐकणाऱ्याला मान वळवायचीही सोय नसते. मुंगीला वीस मिनिटं पुरतात. ही फसवणूक होते का, याचा मी दोन दिवस विचार केला. होत नसावी. तुझा गुडघा खरंच दुखतो.

अगदी शेवटचं ता. क. आत्याबाई, कंसातलं सगळं माझं आहे. ताईला माहीत नाही. तुम्ही नक्की या. ताई आत्तासुद्धा दोनदा अगं थांब म्हणाली, पण भिंतीला म्हणाली. प्रगती आहे.