कोबीच्या जागी पाच बदकं

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कागदावर वाकायला कंबर लागत नाही, म्हणून यंदा पूर्ण वाकलो आहे.) तुझा खोकला गेला असेल आणि कोबी आले असतील अशी आशा करतो. इकडे मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी फ्रेंच शिकतो आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच.

तुला ठाऊकच आहे, आमच्या लेकीच्या लेकीला बापाची फ्रेंच तेवढी येते. दर रविवारी फोनवर मी मराठीत लाड करायचे, तिच्या आईने ते फ्रेंचमध्ये पोचवायचे आणि नातीने "हं" म्हणायचं. एका रविवारी लेक कंटाळून म्हणाली, "बाबा, आज नुसता हात हलवा ना." ते मला फार लागलं. चौतीस वर्षं मी अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली, आणि स्वतःच्या नातीशी बोलताना दारच उघडत नाही म्हणजे काय? दुसऱ्याच दिवशी शिंप्याच्या दुकानावरच्या क्लासात नाव घातलं. बाकी सगळी कॉलेजची पोरं. मी हट्टाने पहिल्या बाकावर बसतो (मागून फळा दिसत नाही, हेही खरं). घरातल्या वस्तूंवर त्यांच्या फ्रेंच नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यातली एक हिच्या पाठीला चिकटली आणि ही 'कपाट' होऊन भाजी घेऊन आली. तेव्हापासून आमच्याकडे मराठीही जेमतेमच बोलली जाते.

तर पाचव्या धड्यानंतर बाईंनी गृहपाठ दिला, आपल्या बागेचं वर्णन करा. माझी बाग म्हणजे खिडकीत बाटलीतला एक वेल, तोही हिचा. मी लिहिलं, "मला बाग नाही." बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, "मग लावा." म्हणून मी तुझी बाग घेतली. पण तुझ्याकडे सगळी वांगी, कोबी नि भेंडी (जे खाता येत नाही त्याला पाणी नाही, हा तुझा बाणा), आणि आमच्या पुस्तकात भाज्या येतात विसाव्या धड्यात. ज्याचा शब्द येतो तेच लावणं भाग होतं. वांग्यांचे लाल गुलाब झाले, हौदाचं तळं झालं, सफरचंदाचं झाड उगवलं, त्याला झोपाळा लागला आणि तळ्यात तीन बदकं सोडली.

रविवारी हे सगळं नातीला घडाघडा म्हणून दाखवलं. मग आईला मध्ये न घेता तिने थेट मला विचारलं, बदकं चावतात का? दादा, मला रडू आलं. (उत्तर येत नव्हतं, हेही एक कारण.) आता दर रविवारी आम्ही दोघंच अर्धा तास बागेत असतो. मध्यंतरी बदकं पाच झाली, कारण ऐनवेळी तीनचा आकडा आठवेना.

बाकी सर्व ठीक. तुझा आज्ञाधारक (तुला आठवत असेल तेवढा),
धाकटा

ता. क. नात वीस तारखेला बाग बघायला येते आहे. तेव्हा कोबी काढावे लागतील. गुलाबाच्या कुंड्या नि बदकं मी आणतो. सफरचंदं कुठल्याही झाडाला बांधून देईन, उंचावर काम करायची मला सवय आहे. नाही म्हणू नकोस, मी ऐकणार नाही.

आणखी एक ता. क. त्या बागेत तू आमचा माळी आहेस. रागावू नकोस, माळी सहाव्या धड्यात येतो आणि भाऊ चौदाव्यात. पण नातीचा माळ्यावर फार जीव. तो एकटाच एवढी बाग कशी सांभाळतो, त्याच्या मदतीला कुणीच येत नाही का, असं दर रविवारी विचारते. वहिनी गेल्यापासून तीन वर्षांत मी तुझ्या फाटकातही पाऊल टाकलं नाही. मला उत्तर देता येत नाही, आणि यात दोष फ्रेंचचा नाही.

शेवटचं. चौदावा धडा सोमवारी झाला. शब्द पाठ आहे, पण फोनवर सांगणार नाही. तुझ्या शेजारी उभा राहून तिला सांगेन. मी अठरालाच येतो. एक कुदळ माझ्यासाठी काढून ठेव.