शिऱ्याचे दात आणि विलासची झोप

७ जाने., मंगळ.
पुन्हा नाइटचा आठवडा. वि. सकाळी आठला कंपनीतून आला, आंघोळ, दोन भाकऱ्या, आडवा. मग घराचं तोंड बंद. बेलची वायर काढली. कुकर नाही, डाळ पातेल्यात. मिक्सर नाही. माझं मशीन झाकलं आणि अकराला कापडं पिशवीत भरून पुष्पाताईकडे शिवायला, तळ्याच्या पलीकडे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दर तिसऱ्या आठवड्याला हेच. तो कंपनीत पाळी करतो, मी घरात.

(वि. म्हणजे विलास. तोंडावर अहो, इथे अरे. वही माझी आहे.)

या सगळ्यात मोकळा एकटा शिरा. नऊ वाजता पिंजऱ्याच्या जाळीला दात लावले. कर्र. कर्र. मग खालचा पत्र्याचा ट्रे नखांनी खरवडायला घेतला. माझं मशीन बंद आणि याचे दात चालू! मनूच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली आणि ससा बदलून आमच्याकडे आला. "आई, भुंकत नाही, ओरडत नाही, ससा आवाजच करत नाही." आठवीतली मुलगी, किती सफाईने गळ्यात मारलं. अंगाचा रंग शिऱ्यासारखा म्हणून नाव शिरा. कौतुक!

तीनला परत आले तर वि. पलंगावर बसलेला, डोळे लाल.
"झोप झाली?"
"कुठली! तो ससा..."

८ जाने., बुध.
पिंजऱ्यावर जुनी गोधडी टाकली. अंधार झाला की झोपेल म्हणून. गोधडी आत ओढून खाल्ली. आईच्या लुगड्याची होती.

वि. आजही जागा. म्हणाला, बारा वाजता सुरू झाला, अडीचपर्यंत थांबला नाही.

९ जाने., गुरु.
पुष्पाताई म्हणते गाजर दे, दात गुंततील. दिलं. पाच मिनिटांत फस्त, मग पुन्हा जाळी. ट्रेवर गोणपाट अंथरलं तर खरवडण्याचा आवाज कमी झाला, पण आता गोणपाटाचे धागे घरभर. माझ्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर धागे. शिवणाऱ्या बाईच्या घरात ससा! कुणी सांगितलं होतं?

आणि मनू पिंजऱ्याची कडी लावत नाही. तीनला आले की दार उघडं, शिरा पलंगाखाली. ओरडले तिच्यावर. "लावली होती गं, देवाशप्पथ." देवाला मध्ये घालते.

११ जाने., शनि.
वि. सकाळी आला तो गुडघा फुटलेला, पँट फाटलेली. एमआयडीसीच्या वळणावर गाडी गटारात गेली. "कुत्रं आडवं आलं." हळद लावली, डॉक्टरकडे नेलं, हाड शाबूत. म्हणाला, एवढं काय त्यात.

एवढं काय? चार दिवस झोप नाही माणसाला. कुत्रं आलं तरी ब्रेक दाबायला डोळे उघडे नकोत? कंपनीत हा मोठमोठ्या भांड्यांच्या तापमानावर नजर ठेवून बसतो. तिथे डोळा लागला तर? मला विचारही करवत नाही. आणि हे सगळं एका मूठभर जनावरापायी.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. वि.ची पहिली पाळी, घरात मशीन चालू, जिवात जीव. तिळगूळ वाटून झाला.

एक नवल लिहून ठेवते. मी आता दिवसभर घरात असते, तर शिरा अकरा ते चार ढिम्म. पाय पसरून झोपतो, मशीनच्या घरघरीने कानही हलत नाही. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, बस. म्हणजे नाइटच्या आठवड्यातच याला भर दुपारी उकरायचं सुचतं. काय वैर आहे याचं आमच्याशी?

२८ जाने., मंगळ.
आली परत नाइट. या वेळी तयारीत होते. जाळीच्या आतून नारळाच्या काथ्याची दोरी गुंडाळली, पिंजऱ्याखाली जाड चटई, कडी स्वतः लावली, वर सुतळीने बांधली. अकराला गेले.

तीनला आले. सुतळी सोडलेली. चावलेली नाही, सोडलेली! शिरा स्वयंपाकघरात, कोथिंबिरीची जुडी गायब. वि. पलंगावर डोळे मिटून. बनियनवर पिवळसर केस. म्हणजे आता अंगावर चढायला लागला.

"झोपलात का?"
"तो झोपू देतो का?"

मनू शाळेत होती. मग सुतळी कुणी सोडली? नीट बांधली नसेन मी. डोकं ठिकाणावर आहे कुठे माझं.

२९ जाने., बुध.
वि.ने जेवताना भातात दूध ओतायच्या ऐवजी पाणी ओतलं आणि तसाच जेवला. मी सांगितलं तर म्हणाला, चालतंय.

ठरलं. ससा घरात राहणार नाही.

३० जाने., गुरु.
शिरा गावाला रवाना. पोलादपूरच्या वरच्या वाडीत सासरे एकटे असतात, आबा. चुलतदीर बाजाराला आले होते, त्यांच्या जीपमधून पिंजऱ्यासकट पाठवला. मनू रडली, जेवली नाही, माझ्याशी बोलत नाही. न बोलो. बाप जिवंत राहिला तर बोलेल पुढे.

संध्याकाळी आबांना फोन.
"पोचला गो. पन ह्याचं करायचं काय?"
"सांभाळायचं आबा."
"ससा सांभालायचा? तुजा दीर मगाधरनं ईचारतोय, पोपटी कवा लावायची."

वालाच्या शेंगांचे दिवस, संध्याकाळी शेतावर पोपटीचं मडकं लावतात, शेंगांत कोंबडी घालतात. यंदा कोंबडीच्या जागी शिरा! वाडीवर ससा म्हटला की आधी तिखट आठवतं, हे मला सुचायला नको? त्याच घरात नांदले मी. ओरडूनच सांगितलं, "आबा, तो मनूचा आहे, केसालाही धक्का लावू नका."
"बरं बरं. मनूचा हाय म्हनून ठेवतो."

मनू दाराआडून ऐकत होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

१ फेब्रु., शनि.
काल घर एवढं शांत की नळाचा थेंब ऐकू येईल. तरी वि.चे डोळे लालच. एका दिवसात भरून निघत नाही झोप, असं मनाला समजावलं.

आज पुष्पाताईकडे पोचल्यावर कळलं, मापाचा ब्लाउज घरीच राहिला. साडेबाराला परत. नेहमीसारखी चपला हातात घेऊन, किल्ली हळू फिरवून आत.

पलंग रिकामा. वि. जमिनीवर, पिंजरा असायचा त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून. जागा. हातात पालकाचं एक पान, आणि ते कुणाला द्यावं असा बसलेला.

तोच म्हणाला, "आलीस लवकर?"
"तुम्ही झोपला नाहीत."
"नाही."
"आता तर ससा नाही."
पालकाचं पान खाली ठेवलं. मग म्हणाला, "ससा कधीच नव्हता गो."

थकला की गावचं गो येतं त्याच्या तोंडात.

गणपतीपासून दिवसा झोप लागत नाही त्याला. आडवा पडतो, छत बघतो. मी गेले की उठतो. घरात चिटपाखरू नाही, टीव्ही लावायची सोय नाही, मी एवढं गप्प करून ठेवलेलं घर. मग सुतळी सोडून शिऱ्याला बाहेर काढायचा, भाजी द्यायचा. झोपलेल्या सशाला उठवून खेळायचा! आणि मला काय सांगायचं, म्हणून सशाचं नाव.

मी म्हटलं, आणि ते कुत्रं?
"कुत्रं नव्हतं."

राग एवढा आला की मापाचा ब्लाउज त्याच्या अंगावर फेकला. मग तिथेच त्याच्या बाजूला बसले आणि रडले. माझ्या लेकीला मी रडवलं, कडीवरून खोटी ठरवलं. आणि हा एकटा बसून राहिला होता, माझ्याच घरात.

कायमची दिवसाची जनरल पाळी मागा म्हटलं. तर म्हणे, "एकोणीस वर्षांत एक डुलकी नाही माझी. आता अर्ज द्यायचा, मला होत नाही म्हणून? पोरं हसतील." हसू देत म्हटलं. गटारात पडलेला बघून हसण्यापेक्षा बरं.

गाडीची चावी माझ्या बॉबिनच्या डब्यात. यापुढे कंपनीची बस.

२ फेब्रु., रवि.
तिघंही एसटीने गावाला. मनूला घरीच सगळं सांगितलं होतं. कडीबद्दल माफीही मागितली. "मी सांगत होते ना," एवढंच म्हणाली, खिडकीबाहेर बघत. बापाचा हात मात्र धरून होती.

शिरा अंगणात! आबांनी पडवीच्या कोपऱ्यात घमेलं भरून माती ठेवलीय. शिरा त्यात उकरतो, दमतो, पेंढ्यावर झोपतो. जाळीला दात नाही. मी तीन आठवडे गोधड्या, गोणपाटं, दोऱ्या करत बसले.

"त्येला काम नवतं तुमच्याकडं," आबा म्हणाले. "पिंजऱ्यात बसून करंल काय? कुरतडनारच."

वि. ऐकत होता. मग आबांनी त्याच्या गुडघ्याकडे बघितलं. "आनि तुजा रं?" वि.ने सांगितलं, खरं तेच. मला वाटलं आबा चिडतील. म्हातारा शेंगा सोलत राहिला, मग म्हणाला, "बैल बसला तर आपन जू काडतो. बैलाला लाज वाटत नाय."

निघताना शिऱ्याला देईनात. "चार दीस ऱ्हाऊं दे की." तीन दिवसांत लळा! कालपर्यंत पोपटी लावणार होते. शेवटी मनूने समजूत घातली. घमेलं, पेंढा, ससा, सगळं एसटीत. कंडक्टरने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

११ फेब्रु., मंगळ.
वि.ने अर्ज लिहिला. तीन ओळी, तीन दिवस. "मला होत नाही" असं न लिहिता तेच कसं लिहायचं, यावर अडून. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, असं लिहिलं. डॉक्टरांकडे खरंच नेलं मी काल. त्यांनीही तेच सांगितलं, जरा जास्त कडक शब्दांत.

१८ फेब्रु., मंगळ.
नाइटचा पहिला दिवस. वि. सव्वाआठला बसने आला. मी जिन्यातच उभी.
"आज तरी दिलात अर्ज?"
"साहेब रजेवर होते."
डब्याच्या पिशवीत बघितलं. अर्ज तसाच, घडी न मोडता. साहेब खरंच रजेवर होते का, विचारलं नाही. उद्या विचारेन. उद्याही दिला नाही तर मी स्वतः गेटवर जाणार आहे, वॉचमनला काय वाटायचं ते वाटो.

अकराला पुष्पाताईकडे गेले नाही. मशीनवरचं कापड काढलं आणि घरातच शिवायला बसले. पायाखाली मशीन, कोपऱ्यात घमेलं. शिऱ्याने थोडा वेळ उकरलं, मग पेंढ्यावर पसरला. कुकर लावला, तीन शिट्ट्या. वि. आत पलंगावर.

दोनला चहा घेऊन गेले. डोळे उघडेच.
"झोप लागली?"
"नाही," म्हणाला.
सशाचं नाव घेतलं नाही.